बिंदू क्रमांक सात

४ मार्च, गुरुवार

प्रिय बारक्या,

तीन वर्षं आणि चार महिने पत्र लिहिलं नाही, फोन केला नाही, याबद्दल आधी क्षमा मागते. अडतीस वर्षांच्या माणसाला बारक्या म्हणावं का, यावर दहा मिनिटं घालवली. तुझं पाळण्यातलं नाव लिहून पाहिलं, तर कुणा परक्याला अर्ज लिहितेय असं वाटलं, म्हणून खोडलं. मेल पाठवला तर तू न उघडताच टाकून देशील. कागदाचं पाकीट माणूस निदान उलटसुलट करून बघतो.

निमित्त अगदीच साधं आहे. ऑफिसने मला नवा लॅपटॉप दिलाय. जुना मंगळवारी साफ करून जमा करायचा आहे. साहेब म्हणाले, "नऊ वर्षांचं भंगार नव्या घरात नेऊ नकोस. आपण काय वस्तुसंग्रहालय चालवतो?" तुला माहीत आहे, मला काही टाकवत नाही. कॉम्प्युटरवाल्याने एक प्रोग्रॅम घालून दिला, तो सारख्या फाइली शोधून काढतो. तासाभराने येऊन म्हणाला, "मॅडम, तुमचे अर्धे फोटो जुळे आहेत. काही तिळे. एक तर चौळं आहे."

ते चौळं म्हणजे उताराच्या भिंतीवरचा बिंदू क्रमांक सात.

तुला आठवत असणारच. आपण दोघं एका ऑफिसात होतो तेव्हा वरच्या रस्त्याची माती अडवणारी ती लांब भिंत आपल्याकडे होती. महिन्यातून एकदा तू जायचास, बारा ठिकाणच्या भेगांवर रुंदी मोजायची ती रेघांची पारदर्शक पट्टी धरून फोटो काढायचास, आणि मी इथे टेबलावर बसून अहवाल करायचे. जुलै, ऑगस्ट, सप्टेंबर, ऑक्टोबर. चारही अहवालांत सात नंबरचा फोटो एकच. पालिकेच्या अभियंत्याने नोव्हेंबरात अहवाल शेजारी शेजारी ठेवले आणि साहेबांना फोन करून विचारलं, "काय हो, तुमची पाल चार महिने जागची हलली नाही?" भिंतीवरची पाल. तीच जागा, तीच शेपटी. त्या पालीपायी तुझी नोकरी गेली.

आज प्रोग्रॅमनेही तेच सांगितलं. एक फाइल, चार जागा. पडद्यावर ते पाहिलं आणि इतक्या वर्षांचा राग कुठेतरी निवला, असं वाटलं. तुला तेव्हा कंटाळा आला असेल. उन्हापावसात तो उतार चढायचा, बारा वेळा वाकायचं, कुणालाही येईल. हे सांगायला लिहितेय की मी ते मनातून काढून टाकलं आहे. तूही काढ.

पत्ता जुनाच घातलाय. अजून तिथेच राहतोस ना?

तुझी,
ताई


७ मार्च, रविवार

बारक्या,

गुरुवारचं पत्र अजून टेबलावरच आहे. पाकीट बंद केलं, तिकीट लावलं, आणि बाहेर जाताना दोनदा विसरले. मी वस्तू विसरत नाही, हे तुला ठाऊक आहे.

आज घरी बसून ती यादी पुन्हा काढली. प्रोग्रॅम नुसता फाइली सारख्या आहेत एवढं सांगत नाही, कोणती कुठे आहे तेही लिहितो. गुरुवारी मी एवढं पाहिलं की फोटो चार ठिकाणी आहे. कुठल्या चार ठिकाणी, ते आज वाचलं. चारही जागा माझ्या अहवालांच्या फोल्डरांतल्या. तू पाठवायचास ते सगळं 'साइटवरून' या फोल्डरात महिन्यावार आहे. तिथे तो पालीचा फोटो फक्त जुलैत सापडतो, तोही तू वेगळ्या आकारात पाठवलेला मूळचा. ऑगस्टात नाही, सप्टेंबरात नाही, ऑक्टोबरात नाही.

तू तोच फोटो पुन्हा पाठवला असतास, तर तो तुझ्या फोल्डरात असायला हवा होता.

मग ऑगस्टचं फोल्डर उघडलं. एक, दोन, तीन, चार, पाच, सहा, आठ. सात नाहीच. त्याखाली आणखी एक छोटं फोल्डर: 'सात, ताई हे आधी बघ'. सप्टेंबरातही तसंच. ऑक्टोबरात नाव नुसतं 'ताई सात'.

आत एकेका महिन्याचे चार-चार फोटो. ऑगस्टात पट्टी धरलेली, दोन मिलिमीटरची रेघ भेगेत बुडालेली. सप्टेंबरात साडेतीन. ऑक्टोबरात पट्टी नाहीच, कारण पट्टीवरची शेवटची रेघ पाचची. तू पोलादी मोजपट्टी आडवी धरली आहेस. सहा. तुझा अंगठा दिसतो, नखाजवळ चिकटपट्टी लावलेली.

माझी अहवालाची पद्धत तुला माहीत आहे. नवा अहवाल मी कधीच कोऱ्या पानावर करत नसे. गेल्या महिन्याचा उचलायचा, नाव बदलून ठेवायचा, तारीख बदलायची, आणि एकेक फोटो काढून नवा बसवायचा. ज्या क्रमांकाचा नवा फोटो मिळाला नाही, तिथे जुनाच बसून राहिला. सात मिळाला नाही, तर पाल बसून राहिली. तू चार फोटो काढलेस म्हणून वेगळं फोल्डर केलंस. माझ्या लक्षात आणून द्यायला जे केलंस, त्यामुळेच ते माझ्या नजरेतून सुटलं.

तू डबा खाताना एकदा विचारलंही होतंस, "ताई, सात नंबरचं बघितलंस का?" मी म्हणाले होते, "हो रे." तोंडात घास होता.

चूक माझी होती. मला ती कळली नव्हती, पण माझीच होती. उद्या साहेबांना सांगणार आहे. पुढच्या रविवारी त्या भिंतीच्या डोक्यावर नव्या वाहनतळाचं उद्घाटन आहे. दोनशे गाड्यांचं. परवानगीला जोडलेल्या कागदांत आपला अहवाल आहे, त्यात लिहिलंय 'भेगा स्थिर'. खाली सही माझी.

तुझी,
ताई


९ मार्च, मंगळवार

बारक्या,

काल धीर झाला नाही. आज सांगितलं.

साहेबांनी दार लावून घेतलं, चहा मागवला. तुला आठवतं, दार लावलं की ते आधी तब्येत विचारतात. मी सगळं सांगितलं. ते ऐकताना कागदाला लावायच्या पिना एकात एक अडकवून साखळी करत होते.

"झालं तुझं?"

"हो."

"भिंत उभी आहे ना?"

"आहे."

"तीन वर्षं उभी आहे. मी स्वतः गेलो होतो तेव्हा. त्या सात नंबरला मी पट्टी लावली, शून्य आलं. आठवतं?"

"तुम्ही गेलात तोवर भिंतीखालच्या घरांतल्या लोकांनी भेग बुजवून रंग दिला होता, साहेब. रंगावर पट्टी लावली तर शून्यच येणार."

यावर ते हसले. रागावले असते तर बरं वाटलं असतं. म्हणाले, "हे बघ, तू फार बारीक विचार करतेस. चांगली सवय आहे, म्हणून तर सहीचा अधिकार तुला दिला. पण आता हे उकरून काढलंस, तर पहिला प्रश्न तुलाच. तुझं सहीचं लायसन्स जाईल, माझं ऑफिस जाईल, आणि तुझा भाऊ परत येईल का? तो येणार नाही. तो तुझ्यासारखाच हट्टी." मग पिनांची साखळी माझ्यापुढे ठेवली. "सर्व्हरवरचं तीन वर्षांपूर्वीचं सगळं आपण गेल्या महिन्यात काढलं. आता फक्त तुझ्याकडे आहे. लॅपटॉप आज जमा करायचा आहे ना?"

"हो."

"मग कर की."

मी बाहेर आले. संध्याकाळी लॅपटॉप कॉम्प्युटरवाल्याकडे दिला. नवा हलका आहे, बॅगेत आहे की नाही ते कळतही नाही. पडदा रिकामा.

बाकी ठीक.

ताई


११ मार्च, गुरुवार

बारक्या,

आज अर्धा दिवस सुट्टी काढून भिंतीकडे गेले. मनाला जरा बरं वाटावं म्हणून. भिंत सरळ उभी आहे, रंग ताजा आहे, साहेब म्हणतात ते खरं आहे, असं बघून यायचं होतं.

वर वाहनतळाचं डांबर पडलंय. रोलर अजून उभा होता. खाली भिंतीला पाठ लावून असलेली ती सात घरं तशीच आहेत. सात नंबरचा बिंदू कपडे शिवणाऱ्या बाईंच्या मागच्या खोलीबाहेर येतो. त्यांनी मला लगेच ओळखलं. "त्या फोटोवाल्याची बहीण ना तुम्ही? कुठंय तो? फार चौकस मुलगा. माझ्या शिलाई मशीनला तेल घालून गेला होता एकदा."

मी म्हणाले, "बाहेरगावी असतो."

"त्याने सांगितलेलं, बाई, मशीन या भिंतीला लावून ठेवू नका. मी म्हटलं, मग काय गल्लीत ठेवू?"

मागचं दार उघडायला त्यांनी खांद्याने धक्का दिला. म्हणाल्या, "वर्षात तीनदा सुताराकडून तासून घेतलं. तो म्हणतो दार फुगलंय. मी म्हटलं, अरे, दार तेवढंच आहे, चौकट आवळतेय." दाराची वरची कड एका बाजूला बोटभर तासलेली होती, दुसऱ्या बाजूला अजिबात नाही. तिरकं दार. चौकट चौकोनी राहिलेली नाही, बारक्या. हे बघायला पट्टी लागत नाही.

बाहेर रंग नवा होता. पण रंगाखाली एक उभी रेघ वर गेलेली दिसत होती. मी पट्टी काढली, मग ठेवून दिली. बाईंनी विणायची सुई आणून दिली. ती रंगातून आत गेली, आणि जातच राहिली. मुठीपर्यंत. ओढून काढली तेव्हा टोकाला ओली माती होती.

"आवाज येतो का कधी?" मी विचारलं.

"रोलर चालू असला की टक्‌ होतं. बोटं मोडल्यासारखं. आम्ही म्हणतो, भिंत आळस देतेय." त्या हसल्या. मग माझ्या तोंडाकडे बघून थांबल्या. "का हो?"

चहा नको म्हणाले आणि निघाले. गल्लीच्या तोंडाशी त्यांच्या रहिवासी मंडळाचा फलक आहे. त्यावर प्लॅस्टिकमध्ये घालून आपल्या अहवालाचं शेवटचं पान लावलंय. 'भेगा स्थिर.' माझी सही उन्हाने निळ्याची जांभळी झाली आहे, पण वाचता येते.



ताई


१३ मार्च, शनिवार, संध्याकाळचे सहा

बारक्या,

आता जे राहिलं आहे ते लिहिते. आधीच्या चार पत्रांपैकी एकही टाकलेलं नाही. पाचही एकाच पाकिटात जातील. पहिलं फाडावं असं फार वाटलं. तुला मी त्यात माफ केलंय! पण ते फाडलं, तर मी कशी आहे हे तुला अर्धंच कळेल.

सातव्या तारखेला लिहिलं की मला चूक कळली नव्हती. ते खरं नाही. 'सात, ताई हे आधी बघ' या फोल्डरातल्या फोटोंवर ते शेवटचे कधी उघडले गेले, याची तारीख होती. त्या रविवारी मी ते उघडायच्या आधीच ती पाहिली होती. सतरा नोव्हेंबर, दुपारी चार चाळीस. पालीबद्दल फोन आला तो दिवस. दुसऱ्या दिवशी सकाळी साहेबांनी आपल्याला दोघांना बोलावलं. मी त्या वर्षाची डायरी काढून पाहिली. सतराच्या पानावर माझ्या अक्षरात आहे: 'बारक्याचं फोल्डर पाहिलं. कॅमेऱ्याचा कोन असावा. डोकं दुखलं, लवकर घरी आले.'

कॅमेऱ्याचा कोन. मोजपट्टी आडवी धरलेली असताना.

म्हणजे अठराला साहेबांनी विचारलं, "फोटो कोण काढतं?" आणि मी म्हणाले, "साइटवरून जे येतं तेच मी लावते," तेव्हा मला माहीत होतं. जिन्यात तू माझा हात धरून म्हणालास, "ताई, फोल्डर उघडून दाखव ना त्यांना. एवढंच कर." मी म्हणाले, "इथे तमाशा नको." तू हात सोडलास. त्यानंतर तू मला हाक मारलेली नाहीस.

का केलं, ते शोधते आहे. सहीचा अधिकार मिळून मला तीनच महिने झाले होते. माझ्या सहीला किंमत होती आणि तुझ्या नव्हती, म्हणून तुझं फारसं काही जाणार नाही, असा हिशेब मी जिन्याच्या चार पायऱ्यांत केला. याहून मोठं कारण सापडत नाही. मग इतकी वर्षं मी स्वतःला सांगत राहिले की तू आळस केलास. गुरुवारी पहिलं पत्र लिहिताना मला खरं माहीत होतं असं म्हणवत नाही, आणि नव्हतं असंही म्हणवत नाही.

आणखी एक. नवव्या तारखेला मी लिहिलं, लॅपटॉप कॉम्प्युटरवाल्याकडे दिला. त्याने विचारलं होतं, "मॅडम, सगळं घेतलंत ना? एकदा साफ केलं की देवही आणून देणार नाही." मी म्हणाले, "हो." तुझे बारा फोटो मी नव्या लॅपटॉपवर घेतले नव्हते. मी ते पुसले नाहीत. पुसू दिले. भिंतीकडून आल्यावर त्याच्याकडे धावत गेले. तो म्हणाला, "गेलं ते गेलं, मॅडम. काही महत्त्वाचं होतं का?" मी त्याला काय सांगणार?

तुझ्याकडे कॅमेऱ्याचं कार्ड असेल, तर जपून ठेव. मागायचा हक्क मला नाही. कुणी विचारलं तर दाखव. तुझं नाव तरी स्वच्छ होईल.

काल पालिकेत गेले. पालीवाले अभियंते बदलून गेले. त्यांच्या जागी बाई आहेत, माझ्याच वयाच्या, नीटनेटक्या. मी सगळं सांगितलं, लेखी दिलं, खाली सही केली. त्यांनी परवानगीची फाइल काढून समोर ठेवली. "तुमच्याच अहवालाविरुद्ध तुम्ही तक्रार करताय?"

"हो."

"मूळ फोटो?"

"होते."

"होते म्हणजे?"

"मंगळवारपर्यंत होते."

त्यांनी चष्मा काढला. वाईट बोलल्या नाहीत. म्हणाल्या, "ताई, यातली कुठली सही खरी मानायची मी? सोमवारी वरिष्ठ येतील, त्यांच्यापुढे ठेवते. उद्घाटन थांबवणं माझ्या हातात नाही."

उद्घाटन उद्या दहाला. आधी साठ गाड्या वर नेऊन उभ्या करणार आहेत, छायाचित्रासाठी.

आज चारला पुन्हा त्या गल्लीत गेले. शिवणाऱ्या बाई होत्या, शेजारचे निवृत्त पोस्टमन होते, आणि एक घर उघडं होतं. बाकीची चार बंद, माणसं कामावर. रविवारी सकाळी सगळे असतात, म्हणाल्या. मी तिघांना उभ्या उभ्या सांगितलं की माझा अहवाल खोटा आहे.

पोस्टमन म्हणाले, "मग हे काय?" आणि काठीने फलकाकडे दाखवलं. "तीन वर्षं आम्ही या कागदावर झोपतोय."

"तो कागद काढा," मी म्हणाले.

"काढून काय लावू? तुमचं आजचं बोलणं? ते उद्या बदललं तर?"

मशीनवर कुणाचा तरी कोट अर्धा शिवलेला होता, तो शिवणाऱ्या बाईंनी काढून त्याची घडी घातली. मग मशीनचं एक टोक धरलं आणि मला म्हणाल्या, "दुसरीकडून धरा." आम्ही दोघींनी ती मशीन गल्लीत आणून ठेवली. फार जड आहे रे ती. खाली ठेवताना भिंतीत टक्‌ झालं. वर रोलर नव्हता. कुणीच नव्हतं. पोस्टमननीही ऐकलं. काठी टेकत ते आत गेले आणि स्वतःची खुर्ची घेऊन बाहेर आले.

त्या तिघांनी आज रात्री तिथून निघायचं कबूल केलं आहे. शिवणाऱ्या बाई माझ्याकडे येताहेत, पुढच्या खोलीत त्यांचं अंथरूण घातलंय. बंद चार दारांवर मी चिठ्ठ्या लावल्या आहेत, खाली सही आणि माझा नंबर. एकाचाही फोन अजून आलेला नाही.

साहेबांचा मात्र तीनदा येऊन गेला. उचलला नाही.

हे पाकीट आता कोपऱ्यावरच्या पेटीत टाकून येते. तुला मिळेल तोवर जे व्हायचं ते होऊन गेलेलं असेल, आणि ते तुला माझ्या आधी दुसऱ्या कुणाकडून कळेल. तेव्हा एवढंच वाच की तू सात नंबर बरोबर मोजला होतास.

ताई

उद्या : सकाळी आठच्या आत उरलेली चार घरं रिकामी करणे.